खुंटीवरची माळ

मी देव मानत नाही हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. येरमाळ्याजवळचं हे गाव. इथल्याच शाळेत मी तीस वर्षं शिकवलं आणि इथंच निवृत्त झालो. बायको मात्र येडेश्वरीची भक्त. पौर्णिमेला मी तिला स्कूटरवरून येरमाळ्याला न्यायचो. ती पायऱ्या चढून देवळात जायची आणि मी खाली हॉटेलात चहा पीत बसायचो. परत आली की माझ्या कपाळाला कुंकू लावायला हात पुढं करायची, मी मान मागं घ्यायचो, ती हसायची. एवढंच आमचं भांडण.

ती गेली तेव्हा मी दहावा-तेरावा घातला नाही. भावकी चिडली. "बायकूचं तेराव्याचं जेवणसुदीक घातलं न्हाय ह्यानं," असं म्हणत एकेक जण यायचा थांबला. मुलगी पुण्याला, तिचा संसार तिला. घरात दिवसभर बोलायला कोणी नसे.

एक माणूस तेवढा येत राहिला. माझा शाळेपासूनचा सोबती. गळ्यात तुळशीची माळ, गावातल्या भजनाचा पुढारी. बायको गेल्यानंतरचे पंधरा दिवस तो रोज संध्याकाळी येऊन माझ्या ओट्यावर बसला. बोलायचा काही नाही. तंबाखू मळायचा आणि दिवेलागणीला उठून जायचा. त्या पंधरा दिवसांचे उपकार मी विसरलो नाही, आजही नाही.

पुढं श्रावण आला. एका दुपारी तो मागच्या दारानं आत आला, गळ्यातली माळ काढून खुंटीला अडकवली आणि पाटावर बसला.

"गुरुजी, मटणाचा वास गल्लीपर्यंत आलाय."

"अहो, माळकरी तुम्ही. त्यात श्रावण."

"तुमच्या घरात देव न्हाय. मंग बघणारं कोण हाय?"

मला हसू आलं. खरं सांगायचं तर बरंही वाटलं. कोणीतरी समोर बसून जेवतंय हे पाहून बरेच महिने झाले होते. मग ते नेहमीचंच झालं, आणि संध्याकाळी ओट्यावर येऊन बसणंही. माळ खुंटीला, तो पाटावर, मी समोर.

ते मटण रांधायची अक्का. बौद्ध वस्तीतली, पन्नाशीची बाई. बायको गेल्यापासून दोन्ही वेळचा स्वयंपाक तीच करून जायची. तो बोटं चाटत म्हणायचा, "अक्काच्या हाताला लई चव हाय."

गेल्या वर्षी गावात सप्ताह होता. काल्याच्या दिवशी घरटी पाच भाकरी आणाव्यात, असं भोंग्यावरून सांगत होते. अक्कानं भाजी चिरता चिरता मला विचारलं, "गुरुजी, घरटी म्हणत्यात. म्या नेऊ का?"

"न्या की. तुम्ही गावात नाही का?" मी म्हणालो. मोठ्या तोऱ्यात म्हणालो.

काल्याच्या दिवशी मी नेहमीसारखा मंडपाच्या बाहेर उभा होतो. माझा सोबती दारात बसून बायकांकडून भाकरी घेत होता आणि टोपल्यात रचत होता. अक्का आली. पांढऱ्या फडक्यात भाकरी बांधलेल्या. त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि आवाज खाली घेतला.

"अक्का, ह्या ऱ्हाऊ द्या. घरी न्या पोरांना. हितं लोक बोलत्यात."

अक्कानं माझ्याकडं पाहिलं. मी दहा पावलांवर होतो. एकच वाक्य बोलायचं होतं, की हिच्या हातचं तुम्ही श्रावणात खाता. पण त्याच वेळी मनात आलं, हे बोललो तर उद्या संध्याकाळी ओट्यावर कोण येईल? मी पायातल्या चपलांकडं बघत राहिलो. आत महाराज सांगत होते की सगळ्या जिवांत एकच देव आहे, आणि टाळ वाजत होते. मान वर केली तेव्हा अक्का निघून गेली होती.

संध्याकाळी तो प्रसाद घेऊन आला. मी प्रसादाला हात लावला नाही.

"तिच्या हातचं तुम्हाला चालतं की," मी म्हणालो.

"चालतंय. म्या कुठं न्हाय म्हणलं? पर हितं कोण बघतंय? पंगतीत चार गावं बघत्यात."

"मग उद्यापासून येऊ नका."

त्याला आधी थट्टा वाटली. मग माझा चेहरा बघून तो सावकाश उठला. "तुमाला लोकांत ऱ्हावं लागत न्हाय, गुरुजी," तो म्हणाला. "आमाला लागतंय."

दुसऱ्या दिवशी अक्का आली नाही. मी तिच्या घरी गेलो. ती इतकी वर्षं माझ्याकडं येत होती, पण मी तिच्या दारात पहिल्यांदाच उभा होतो, हे तिथं पोचल्यावर लक्षात आलं. तिनं खुर्ची दिली, चहा टाकला.

"माझं चुकलं, अक्का. मी त्याला काल बोललो. येऊ नका म्हणून सांगितलं."

"कुठं बोललात?"

"घरी."

तिनं चहाचा कप माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "त्यांचं काय न्हाय हो. त्ये तसंच हायेत, मला म्हाईत होतं. तुमी देव मानत न्हाय म्हणून मला वाटलं, तुमी मंडपात बोलताल."

निघताना तिनं सांगितलं, सुनेचे दिवस भरत आलेत, आता कामाला यायला जमायचं नाही. तिची सून बाळंतपणाला माहेरी गेली होती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्यांच्या उपासतापासांना, सोवळ्याला, पळवाटांना मी जन्मभर हसलो. मला मोडण्यासारखा नियमच नाही, अशी माझी घमेंड होती. होता एक. खरं असेल ते बोलावं, असं मी पोरांना तीस वर्षं सांगत आलो. तो मी मोडला, आणि कशासाठी, तर संध्याकाळच्या सोबतीसाठी. आता ती सोबतही नाही.

परवा कळंबला जाताना तो बसमध्ये चढला. गर्दी होती, फक्त माझ्या शेजारची जागा रिकामी होती. त्यानं जागेकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि दांडीला धरून पुढं उभा राहिला. वय झालंय, वळणावर त्याचा तोल जात होता. 'बसा' म्हणावंसं मला वाटलं. कळंब येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिलो.