चोच आणि छज्जा

माझा थोरला भाऊ पद्मनाभ एका जागी बसलेला मी फक्त शिलाईच्या मशिनवर पाहिला, आणि तिथेही त्याचे पाय हलतच असायचे. जेवताना मांडी हलायची. कुणाशी बोलत उभा असला तरी टाच वर-खाली. आई म्हणायची, ह्याच्या पायाला भिंगरी आहे, ह्याला मुलगी कोण देणार? दिली नाहीच कुणी. मी त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला, आणि तोंडाने फटकळ म्हणून पेटेत, म्हणजे आमच्या पेठेत, प्रसिद्ध. आम्ही दोघंच त्या घरात उरलो होतो.

नगरतपेटेत आमचं शिंप्याचं दुकान. आम्ही भावसार. घरात मराठी, दुकानात कन्नड, भांडताना जे आधी तोंडात येईल ते. थोरल्या भावाला आम्ही अण्णा म्हणतो. वडिलांनी अण्णाला चौदाव्या वर्षी मशिनवर बसवलं आणि पुढच्याच वर्षी त्याने कुणाची तरी टाकून दिलेली शर्यतीची सायकल दुरुस्त करून घेतली. दिवसभर दुकान, पहाटे सायकल. लोक म्हणायचे, शिंप्याचा पोर दिवसभर पाय मारतो आणि तिथल्या तिथेच राहतो, म्हणून पहाटे तुमकूर रस्त्याला पळतो. चेष्टाच होती, पण मला ती खरी वाटायची.

आमच्या पेटेचा एक सायकल क्लब होता. त्याचे म्होरके आप्पाजी, सत्तरीचे, निवृत्त पोस्टमास्तर. त्यांच्या क्लबात दोन गोष्टी पवित्र होत्या. एक म्हणजे काळी, मांडीला चिकटून बसणारी अर्धी चड्डी. दुसरी, सुती टोपी. निळी, मधून पिवळा पट्टा, पुढे बोटभर चोच. ती टोपी अण्णा शिवायचा. तीन तुकडे, आतून पट्टी, चोचीत जाड कापडाचे चार पदर. पंधरा वर्षांत त्याने क्लबातल्या प्रत्येक डोक्याचं माप पाठ केलं होतं. रस्त्यात ओळखीचा माणूस भेटला की आधी त्याच्या डोक्याकडे बघायचा, मग तोंडाकडे.

नव्वदच्या पुढे शहरात नवी माणसं यायला लागली. सत्त्याण्णवच्या सुमारास डोंगरावर चालवायच्या जाड टायरांच्या सायकली घेऊन एक टोळी रविवारी दिसू लागली. त्यांचा पुढारी विराट, मूळ पुण्याचा, इलेक्ट्रॉनिक सिटीत संगणकाच्या कंपनीत. कंपनीने अमेरिकेला पाठवलं होतं, तिथून सायकल आणि टोप घेऊन आलेला. टोप म्हणजे हेल्मेट, आतून थर्मोकोल, वरून प्लास्टिकचं कवच, आणि पुढे वीतभर छज्जा. अंगात ढगळ सदरे, खाली सहा-सहा खिशांच्या ढगळ चड्ड्या.

नेलमंगलच्या अलीकडे एक हॉटेल होतं. दोन्ही टोळ्या रविवारी तिथेच इडली खायला थांबायच्या. आमचे लोक पुढच्या बाकांवर, बाय-टू कॉफी घेऊन, म्हणजे एका कॉफीचे दोन पेले करून. ते मागच्या बाकांवर, चिखलाने माखलेले. आमच्यांनी त्यांना नाव ठेवलं मडकी. त्यांनी आमच्यांना नाव ठेवलं सर्कसवाले. "ह्यांना एवढे खिसे कशाला? बाजारहाटाला निघालेत काय?" असं आप्पाजी मोठ्याने म्हणायचे. मागून कुणीतरी विचारायचं, "काका, चड्डी घातलीय की रंगवलीय?" मी एकदोनदा अण्णाच्या मागोमाग बसने गेले होते तेव्हा हे ऐकलं. पन्नाशीची माणसं चड्डीवरून भांडत होती. मला लाज वाटली, आणि खरं सांगते, मजाही आली.

अण्णा ह्या भांडणात नसायचा. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती. दरवर्षी डिसेंबरात यशवंतपूरहून सुटणारी साठ किलोमीटरची शर्यत, पस्तीस ते चाळीस वयाचा गट. चार वर्षं तो त्या गटात उतरला होता. एकदा तिसरा, तीनदा दुसरा. अठ्ठ्याण्णव साली तो चाळीस पुरा करणार होता, आणि चाळिशीच्या पुढे गटच नव्हता. "एकदा पहिला यायचंय, संध्या," तो म्हणायचा. "मग सुम्ने बसेन." सुम्ने म्हणजे गप्प, उगीच. तो गप्प बसेल ह्यावर माझा काडीचाही विश्वास नव्हता, पण त्याने पहिलं यावं असं मला त्याच्याइतकंच वाटत होतं. चाळीस वर्षांत त्याने स्वतःसाठी मागितलेली ती एकच वस्तू.

त्या वर्षी शर्यतवाल्यांनी नियम काढला. कडक कवचाचं हेल्मेट असेल तरच नंबर मिळेल. आमच्या लोकांकडे फार तर चामडी पट्ट्यांची जुनी शिरस्त्राणं, ती चालणार नव्हती. आप्पाजी भडकले. क्लबाची बैठक झाली आणि त्यांनी फतवा काढला, "मडकं घालून आपला एकही माणूस उतरणार नाही. क्लबाची टोपी डोक्यावर नाही, तो क्लबाचा नाही." सगळ्यांनी हात वर केले. अण्णानेही केला. घरी येऊन तो रात्रभर माडीवर फेऱ्या मारत राहिला, मला झोप नाही.

चौथ्या दिवशी विराट आपण होऊन दुकानात आला. त्याची खिशांची चड्डी फाटली होती आणि तशी इथे मिळत नव्हती.

"काका, सेम टु सेम शिवून द्याल? अशा सहा हव्यात, आमच्या ग्रुपला."

अण्णा त्याच्या चड्डीकडे न बघता त्याच्या डोक्याकडे बघत होता. "तुझ्याकडे जुनं एखादं हेल्मेट असेल काय?"

"आहे ना. छज्जा तुटलेलं. कशाला?"

"चड्ड्या देतो, ते दे. सरी? ठीक?"

"डन," विराट म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "तुमचं मराठी किती क्यूट आहे हो." मी त्याला काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

अण्णाने सहा चड्ड्या आतल्या खोलीत, दार लावून शिवल्या. पण पेटेत दार लावून काम केलं की सगळ्यांना आधी कळतं. आप्पाजी दुकानात आले, टेबलावरची खिशांची चड्डी दोन बोटांनी उचलली आणि म्हणाले, "टोपी फिरवलीस, पद्मनाभा. आम्हाला टोपी हाकलीस." पक्ष बदलला ह्यासाठी मराठीत टोपी फिरवणं, आणि फसवलं ह्यासाठी कन्नडात टोपी हाकणं, म्हणजे घालणं. एका वाक्यात दोन्ही भाषांतून बोलणी खाल्ली बिचाऱ्याने. पंधरा वर्षं टोप्या शिवणाऱ्याला!

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, गेला तुमचा क्लब खड्ड्यात. अण्णाला दोन्ही हवं होतं, शर्यतही आणि क्लबही. मग त्याने शिंप्याच्या डोक्याने तोड काढली. हेल्मेटच्या मापाची क्लबाची टोपी शिवायची आणि त्यावर चढवायची! निळी, पिवळा पट्टा, पुढे बोटभर चोच. मापात ती कलिंगडाला बसेल एवढी झाली, पण बेतली सुरेख होती. प्रश्न होता ती कवचावर टिकायची कशी. मी म्हटलं, डिंक लाव. तो माझ्यावर खेकसला. "चिकटवतात ते बुक-बाइंडर. मी शिंपी आहे." शेजारच्या गादीवाल्याकडून दाभण आणून त्याने कवचाच्या भोकांतून थर्मोकोल आरपार टोचून आठ ठिकाणी पक्के टाके घातले. आतून गाठी मारल्या. ओढून दाखवलं मला. "बघ, हलते काय?" हलत नव्हती. आम्ही दोघंही खूश झालो. मूर्ख ते मूर्ख.

शर्यतीच्या सकाळी यशवंतपूरला पोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. बाजारात कांद्याचे ट्रक उतरत होते. रस्त्याच्या पलीकडे आप्पाजी आणि क्लबाचे आठ-दहा जण निळ्या टोप्या घालून उभे होते. बहिष्कार घातला होता, पण बघायला मात्र आले होते. अलीकडे विराट आपल्या जाड टायरांच्या सायकलवर, नवी चड्डी घालून. तो अण्णाला बघायला आला होता, हे मी त्याच्या नावावर जमा धरते.

नंबर देणाऱ्या पंचाने अण्णाचं हेल्मेट हातात घेतलं. आधी हसला. मग उलटं केलं आणि हसायचा थांबला. "ह्याला भोकं कुणी पाडली?"

"भोकं नव्हेत, सर. टाके आहेत."

"थर्मोकोल फुटलाय. हे चालणार नाही."

"पक्के टाके आहेत, सर. ओढून बघा."

पंचाने ओढून बघितलं नाही. हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं. अण्णा तिथेच उभा राहिला. त्याचे पाय हलायचे थांबले होते. मी ते कधी पाहिलं नव्हतं आणि मला भीती वाटली.

विराट धावत आला. स्वतःच्या डोक्यावरचं काढून त्याने अण्णाच्या हातात दिलं. "काका, घाला. सहा मिनिटं आहेत." ते चांगलं होतं, नवं कोरं, लाल, आणि पुढे वीतभर छज्जा. पंचाने बघितलं, मान हलवली, नंबर दिला. विराटने हनुवटीखालचे पट्टे आवळून दिले. अण्णा सायकल घेऊन रेषेवर गेला. मी मागोमाग गेले.

चिकट काळी चड्डी, बारीक टायरांची सायकल, आणि डोक्यावर तो लाल छज्जा. पलीकडून कुणीतरी ओरडलं, "ए मडक्या!" आणि निळ्या टोप्या खदाखदा हसल्या. अण्णाने माझ्याकडे वळून विचारलं, "सरी दिसतंय काय गं?"

मी हसले. आवरलंच नाही मला. लग्नातल्या घोड्यासारखा दिसत होता.

त्याने हेल्मेट काढलं आणि छज्जा उपटायला लागला. कडेची दोन बटणं सुटली. मधला स्क्रू सुटेना. शिंप्याच्या खिशात कायम असते तशी त्याच्या पाठीवरच्या खिशात छोटी कात्री होती. तिचं टोक घालून तो स्क्रू फिरवायला लागला. विराट कडेवरून ओरडत होता, "काका, राहू दे ना, काय फरक पडतो?" मीही ओरडले, "अण्णा, वेळ झाली!"

"स्वल्प थांब."

शिट्टी झाली. सगळे गेले. तो अजून स्क्रूवर वाकलेला. आमच्या खात्यात ट्रंक कॉल मोजून मोजून माझी नजर आपोआप घड्याळावर जाते. पस्तीस सेकंद. चाळीस. छज्जा निघाला, त्याने तो माझ्या हातात कोंबला, हेल्मेट डोक्यावर घातलं आणि सुटला. पंचेचाळीस सेकंद.

पुढचे दीड तास मी रस्त्याच्या कडेला येरझारा घातल्या. त्या दिवशी त्याची भिंगरी मला लागली होती. हातात तो लाल छज्जा, कुठे ठेवावा कळेना. टाकून दिला तर विराटचा, ठेवला तर डोळ्यासमोर.

परत येताना पहिला जो दिसला त्याचं हेल्मेट पांढरं होतं. त्याच्या मागे मोकळा रस्ता, आणि मग अण्णा. मान खाली, तोंडाला फेस, असा जोर मी त्याच्या अंगात कधी पाहिला नाही. सगळा गट त्याने एकट्याने गाठून मागे टाकला होता, फक्त एक राहिला. अकरा सेकंद.

तो सायकलवरून उतरतो न उतरतो तोच आप्पाजी रस्ता ओलांडून आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "छज्जा काढलास! आम्ही बघितलं. क्लबाची अब्रू राखलीस, पद्मनाभा." त्यांनी त्याचं हेल्मेट उतरवून माझ्या हातात दिलं आणि स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला मध्ये घेऊन गेले, बाय-टू कॉफी मागवली, पाठ थोपटली. अण्णा हसत होता, सगळ्यांना हो हो म्हणत होता. मला आप्पाजींची मान मुरगळावीशी वाटत होती. विराट लांब उभा होता. मी त्याला छज्जा आणि हेल्मेट नेऊन दिलं. तो एवढंच म्हणाला, "काका जिंकले असते हो." ते मला कुणी सांगायला नको होतं.

घरी आल्यावर अण्णा आंघोळ न करता मशिनवर जाऊन बसला. सुईखाली कापड नव्हतं. पाय पायट्यावर होते, हलत नव्हते. मी सबंध वाटेत बोलायचं ठरवून आले होते. मूर्ख माणसा, वीतभर प्लास्टिकसाठी! दारात उभी राहून त्याचे ते पायच बघत राहिले.

"अकरा सेकंद," तो म्हणाला. "राहू द्यायला पाहिजे होता तो छज्जा." आणि चाळीस वर्षांचा माझा भाऊ दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला.

मी जवळ जाऊन बसले. त्याने तोंड पुसलं.

"तू हसलीस म्हणून नाही काढला," तो म्हणाला. मी विचारलं नव्हतं.