भावकीच्या ग्रुपवर मी जिंकले तेव्हा

माझ्या एका मेसेजनं माझ्या चुलत जावेचं हॉटेल सुटलं. हॉटेल म्हणजे लोहगडवाडीत चार बांबू आणि निळी ताडपत्री. गडावर येणाऱ्यांना पिठलं-भाकरी आणि ताक द्यायला ती शनिवार-रविवार तिथं बसायची. मेसेज मी माझ्या लेकीसाठी लिहिला होता, आणि चांगला झणझणीत लिहिला होता, तेच वाईट झालं.

आमच्या भावकीचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. घरटी एक नंबर, तोही गड्याचा. बायका नवऱ्याच्या फोनात सगळं वाचतात, चुलीपाशी त्यावर तोंडसुख घेतात, पण लिहीत नाहीत. मी अंगणवाडीत आहे, उभा जन्म लिहिण्यात गेला, तरी ग्रुपवर माझा शब्द नव्हता.

माझी लेक जीप चालवते. मळवली स्टेशनावर माणसं घ्यायची, गडाखाली सोडायची. ह्यांचे गुडघे गेले तेव्हा जीप विकायला निघाले होते, पोरीनं किल्ली मागून घेतली. एकदा कुण्या पर्यटकानं मागच्या सीटवरून तिचा व्हिडिओ काढला, वर 'लेडी ड्रायव्हर' असं लिहिलं, आणि फिरत फिरत तो आमच्या ग्रुपवर येऊन पडला. लगेच आबांचा आवाज आला. आबा माझे चुलत सासरे, भावकीत सगळ्यांत थोरले, आणि त्या हॉटेलवाल्या जावेचे सख्खे सासरे. त्यांना टाइप करता येत नाही, ते बोलून पाठवतात.

"पोरी आता परक्या पोरांना घेऊन घाट चढाय लागल्या. भावकीची काय शोभा ऱ्हायली? बापानं इचार करावा."

बापानं लगेच विचार केला. जेवताना म्हणाले, "चार दिस गाडी उभी करू. आबा म्हणत्यात." पोरगी ताटावरून उठून गेली. माझं टाळकंच सणकलं. चार दिवसांचे चाळीस दिवस कसे होतात हे मला कुणी सांगायला नको. हे हात धुवायला गेले तसा मी त्यांचा फोन उचलला आणि लिहून टाकलं, "आबा, तुमच्या सूनबाई परक्या पोरांच्या तोंडासमोर उभ्या राहून भाकरी वाढतात. आमची लेक निदान त्यांच्याकडं पाठ करून बसते."

पटापट अंगठे आले, हसणारी तोंडं आली. एकानं लिहिलं, 'बिनतोड!' कामशेतच्या बाजारात ह्यांच्या पाठीवर थापा पडल्या, "काय हाणलाय, भाऊ!" घरी येऊन हे माझ्याकडं बघत राहिले. "म्या कवा लिव्हलं गं हे?" खरं सांगते, मला लाजबीज काही वाटली नाही. आबा गप्प झाले होते, पोरीची जीप चालू राहिली होती. मी दोन दिवस तो मेसेज काढून काढून वाचला.

रविवारी पोरीबरोबर वर गेले. ताडपत्रीखाली जावेच्या जागी तिचा नवरा बसलेला, डब्यातून गार भाकऱ्या काढून देत होता. मला बघून त्यानं मान फिरवली. शेजारच्या सरबतवाल्या मावशी हळूच म्हणाल्या, "तिला बसवली घरी. फोनात कायतरी आलं म्हनं तिच्यावर." उचलली जीभ लावली टाळ्याला! माझी लेक वाचवायला मी दुसऱ्याची लेक पुढं ढकलली होती, आणि वर अंगठे मोजत बसले होते.

दुसऱ्या दिवशी आबांच्या ओट्यावर गेले. डोक्यावर पदर घेतला आणि सांगून टाकलं, "आबा, ते ह्यांनी नाही, मी लिहिलं. चुकलं माझं."

आबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "चुकलं कुटं? खरंच लिव्हलं तू. तितं बसून ती काय करती ते मला दिसलं न्हवतं, तू दाखवलं. आता समद्या भावकीनं बघितलं."

माझंच वाक्य माझ्यासमोर कुऱ्हाडीसारखं ठेवलं होतं.

मग मी हट्टाला पेटले. ग्रुपच्या अॅडमिनकडून माझा नंबर घालून घेतला. भावकीत बाईचा पहिला नंबर, 'ह्या कोण?' असं दोघांनी मुद्दाम विचारलं. जिभेवर आलेलं उत्तर गिळलं. लिहिलं, "मागचा मेसेज माझा होता. त्यात मी दुसऱ्या घरच्या बाईला मधे ओढलं, ते चूक होतं. आबा, माझ्या लेकीच्या गाडी चालवण्यात तुम्हाला काय खटकतं ते सांगा. मी ऐकते."

तिसऱ्या दिवशी आबांचा आवाज आला, थांबत थांबत. "खटकत न्हाई. भ्या वाटतं. घाटात टोळकी पिऊन गाड्या आडव्या लावत्यात. पोरगी एकली असती." अगोबाई, एवढंच होतं! मी लिहिलं, भीती मलाही वाटते. मग भावकीतले बाकीचे जीपवाले बोलू लागले. शेवटची फेरी अंधाराआधी करायची, दोन जीपा मागंपुढं ठेवायच्या, असं ग्रुपवरच ठरलं. कुणी कुणाला टोमणा मारला नाही. माझा तर विश्वास बसेना.

असं जमलं म्हणून मला हुरूप आला. जावेसाठीही असंच लिहायचं ठरवलं. चार दिवस खपून मेसेज तयार केला. कुणाला दोष नाही, कुणाला टोला नाही, हॉटेल तिच्या हातानं उभं राहिलं, तिला परत बसू द्यावं, एवढंच. पण ह्या वेळी आधी तिला दाखवायला गेले.

ती चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. बाजूला डबा उघडा होता. "अक्का, ह्या समद्या वर जात्यात," ती म्हणाली. "म्याच तेवढी ऱ्हाती हितं."

मी मेसेज वाचून दाखवला. तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"लय चांगलं लिव्हलंय."

"टाकू मग?"

"नगं." तिनं माझ्याकडं पाहिलं. "आदीचंबी लय चांगलं व्हतं म्हनं. समदी हसली. अक्का, माझ्यावर चांगलं नगं, वाईट नगं. मला त्या फोनात परत घालू नका."

मी तिच्यासमोरच तो मेसेज पुसला. तिनं पिठाचे हात लुगड्याला पुसले, फोन माझ्या हातातून घेतला, आणि खरंच गेलाय का ते वर-खाली करून बघत राहिली.