कधीच बंद न पडणारी गाडी

गेल्या रविवारची गोष्ट. नोएडाहून दिल्लीत मुनिरक्याला निघालो होतो... पुढे बाबा आणि आई, मागच्या सीटवर मी. मामेबहिणीची मुलगी ऋता तिथे खोली घेऊन यूपीएससीचा अभ्यास करते, तिला थालीपिठाची भाजणी आणि तूप पोचवायचं होतं.

एरवी मी माझ्या गाडीने गेले असते. पण ती वर्कशॉपमध्ये होती... आणि त्याचा बाबांना झालेला आनंद त्यांना लपवता येत नव्हता.

बाबांची गाडी जपानी. सरकारी नोकरीतून रिटायर झाल्यावर घेतली, ती आजतागायत एकदाही रस्त्यात बंद पडलेली नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, नाहीतर मी जाहिरात करतेय असं वाटेल... ते खातं आमच्याकडे बाबांकडे आहे.

घरी पाहुणा आला की चहाच्या आधी कंपनीचा इतिहास येतो. सुरुवातीला अमेरिकेत यांची गाडी कशी धापा टाकायची, लोक कसे हसले, आणि मग त्याच लोकांनी ती घ्यायला कशी गर्दी केली... सगळं साग्रसंगीत. आमच्या सेक्टरमधल्या निम्म्या लोकांनी आपलं ऐकून हीच गाडी घेतली, असा बाबांचा दावा आहे. दोघांनी घेतली, एवढं खरं.

पण प्रश्न गाडीचा नव्हताच... बाबांच्या डोळ्यांचा होता. त्यांना काचबिंदू आहे. कडेचं दिसणं हळूहळू कमी होत जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. "बाबा, आता ड्रायव्हिंग बास" म्हटलं की बाबा विषय गाडीवर न्यायचे. हिने कधी दगा दिलाय का? समोरचं मला स्वच्छ दिसतं. संपलं.

दिल्लीत गाडी म्हातारी झाली की कायद्याने रस्त्यावरून हटवली जाते. चालवणाऱ्याला मात्र घरच्यांनीच सांगावं लागतं... आणि आमच्या घरात ती हिंमत कोणाची नव्हती. मी बोलायचे, पण दोन वाक्यांत गार पडायचे.

तर त्या दिवशी यमुनेवरच्या डीएनडी पुलावरून पुढे आलो. आईची टकळी नेहमीसारखी चालू होती. "अहो, डावीकडून स्कूटी येतेय. अहो, रिक्षा. चलो, आता जाऊ द्या." या टकळीवरून आम्ही तिला वर्षानुवर्षं चिडवत आलोय. नवऱ्याला शांतपणे गाडी चालवू देत नाही म्हणून... मीसुद्धा मागे बसून मनातल्या मनात हसत होते.

मुनिरका जवळ आलं आणि आईचा फोन वाजला. मावशी होती. आई बोलायला लागली... आणि गाडी हळूहळू डावीकडे सरकायला लागली.

डावीकडे एक बाई स्कूटीवर होती, मागे शाळकरी मुलगी. मी ओरडले. बाबांनी ब्रेक दाबला. त्या बाईने आमच्या दारावर जोरात थाप मारली आणि म्हणाली, "अंकल, दिखता नहीं है क्या?"

लागलं कोणालाच नाही. त्या पुढे निघूनही गेल्या. पण तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आईची ती टकळी नव्हती. कडेचा रस्ता बाबांना आईच दाखवत होती. कधीपासून, कोण जाणे. फोन आला, ती थांबली, आणि तिकडचा रस्ताच बाबांसाठी नाहीसा झाला.

बाबांनी गाडी कडेला घेतली. आईने फोन ठेवला होता. ती रडत नव्हती, पण तिची मान खाली होती... जणू चूक तिचीच झाली होती. ते बघून मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. कोणाचा, ते सांगता येत नाही.

मग बाबा बोलले. ही कंपनी आधी गाड्या नाही, कापडाचे माग बनवायची, म्हणाले. इतिहासाचा हा भाग त्यांनी कधीच सांगितला नव्हता. बाबा इचलकरंजीचे, मागांच्या खडखडाटात वाढलेले. त्यामुळे हे ऐकवणार नाहीत असं होणारच नाही, असं आपल्याला वाटेल... पण नव्हतं ऐकवलं.

"आमच्याकडच्या मागावर धागा तुटला तरी माग चालूच राहायचा. लक्ष नसलं की वारभर कापड वाया. यांनी असा माग केला की धागा तुटला की आपोआप थांबेल." त्यांनी स्टिअरिंगवरचा हात काढला. "त्यांचं नाव तिथून सुरू झालं. थांबण्यापासून."

मग त्यांनी इंजिन बंद केलं, चावी काढली, मागे वळून माझ्या हातात दिली. आणि आईला म्हणाले, "तू मागे बस. आरामात."

पुढे मी चालवली. ऋताला भाजणी दिली, तिच्या गच्चीवर चहा झाला, मुनिरक्यात कुठली खानावळ बरी यावर चर्चाही झाली.

परत येताना डीएनडीवर सहज आरशात पाहिलं... आई झोपली होती. मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडं, चष्मा नाकावर घसरलेला. या गाडीत तिला झोपलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

बाबांनीही वळून पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "सावकाश चालव गं. घाई नाहीये."

गाडीने कधी दगा दिला नाही, हे आम्ही सगळ्यांना इतकी वर्षं सांगत आलो... पण त्या गाडीत एक माणूस डोळ्यांत तेल घालून जागं होतं, हे सांगायचं राहूनच गेलं होतं. ते आज सांगतेय. थँक यू, आई.