उन्हात उघडलेली पेटी

रहाटणीला आमच्या नदीकाठच्या चार एकरांत आकाशातून एक पेटी पडली, तेव्हा गावाला मोजणीवाल्यांची धास्ती बसलेली होती. पलीकडे पिंपरीत कारखान्यांसाठी जमिनी गेल्या होत्या. संशय तर मी माहेरूनच घेऊन आले होते. त्यात सासरी मी एकटी सातवी पास, म्हणजे घरात कुठलाही कागद आला की तो माझ्या हाती.

हातभर लांबीची पत्र्याची पेटी, तिला फाटका रबरी फुगा आणि कापडी छत्री. वर चिकटवलेली चिठ्ठी मी मामंजींना वाचून दाखवली. पेटी विज्ञानाच्या कामाची आहे, उजेडात उघडू नये, खालच्या पत्त्यावर कळवावे, इनाम मिळेल.

"कळवून टाक, पोरी," मामंजी म्हणाले.

"चांगल्या कामाला उजेडाचं वावडं कशापायी?" मी म्हटलं. "आन् फुकट इनाम कोण देतंय? उद्या हीच पेटी दावून म्हणतील, जागा आमच्या कामाची हाय."

आमच्याकडे सापडलेली वस्तू गुपचूप उघडत नाहीत. चावडीपुढे पाच पंच बसवायचे आणि भर उन्हात उघडायची, म्हणजे मागाहून कुणाचं बोट नको. तसंच केलं. आत काळ्या कागदात गुंडाळलेल्या काचा होत्या. एकेक सोडवून मी उन्हात धरली, उलटीसुलटी पाहिली. नकाशा नाही, शिक्का नाही, काही नाही. पंचनामा मीच लिहिला आणि उगाच आळ नको म्हणून पत्त्यावर कार्ड टाकलं.

आठवड्याने पिंपरी स्टेशनवरून बैलगाडीने एक प्राध्यापक आले. मळका सदरा, धुळीने भरलेले बूट. यांचं नाव साऱ्या जगात आहे, असं शाळेतले गुरुजी माझ्या कानात म्हणाले. मला काही ते पटेना. एवढा मोठा माणूस धक्के खात इथवर कशाला येईल? ते शेतात निघाले तसे पेटी घेऊन मामंजी आणि मीही मागोमाग निघालो.

काचा बघून त्यांनी विचारलं, "उघडल्या कुणी?"

"मी. पंचांसमोर, उन्हात," मी ठसक्यात सांगितलं.

ते बांधावरच बसले. आभाळाच्याही वरून डोळ्यांना न दिसणारे किरण येतात, म्हणाले. या काचांवर त्यांच्या रेघा उमटतात, पण काच अंधारात धुतली तरच त्या दिसतात. ऊन लागलं की सगळी काच काळी.

"मंग दुसरा फुगा सोडा की," मामंजी म्हणाले.

"सोडू. पुढच्या वर्षी जमलं तर."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. उठता उठता त्यांनी खिशातून कागद काढला. "पेटी कुठे पडली, तेवढं लिहून द्याल? सर्व्हे नंबर आणि खाली सही. फुगा किती लांब आला ते तरी हाती लागेल."

आलंच शेवटी पोटातलं ओठावर, मला वाटलं. "सही न्हाई मिळायची," मी म्हटलं.

त्यांनी कागदाची घडी केली, मामंजींना नमस्कार केला आणि ते गाडीत बसले.

पुढे कितीतरी महिने मी बांधावर डोळा ठेवून होते. त्यांच्याकडून कुणीही आलं नाही.

तीनेक वर्षांनी ते वारल्याची बातमी वर्तमानपत्रात आली. मी ती मामंजींना वाचून दाखवली. गरिबीतलं शिक्षण, पत्र्याच्या शेडमध्ये उभारलेली प्रयोगशाळा, कुणी न पाहिलेल्या कणाच्या रेघा, परदेशातले सन्मान. अर्धा रकाना भरला होता.

"आपली पेटी न्हाई का त्यात?" मामंजींनी विचारलं.

"न्हाई."

जमिनीला त्या माणसापासून धोका नव्हताच. त्याच्या कामाला मात्र माझ्यापासून होता.

संध्याकाळी मी कार्ड घेतलं. पेटी कुठे पडली, कुणी उघडली, सगळं लिहिलं. खाली सर्व्हे नंबर घातला आणि सही केली. पत्ता चिठ्ठीवरचाच होता, नाव मी त्यांचंच घातलं.