सातपुड्याचं लेबल

हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, झाडापेक्षा ते कुठून आणलं याला महत्त्व असतं, हे मी धुळ्याच्या कॉलेजात दरवर्षी पहिल्याच तासाला शिकवत असे. मुलं वहीत उतरवून घेत. मी मात्र ते कधी मनावर घेतलं नाही.

ऐंशीच्या दशकात एकदा तपासणी समिती येणार होती. आमच्या कपाटात डांबरगोळ्या भरपूर, झाडं कमी. मी वसतिगृहाच्या न्हाणीघरामागे सांडपाण्यावर वाढलेलं निळ्या फुलांचं एक रोप उपटलं, वर्तमानपत्रात दाबून वाळवलं आणि कागदावर शिवलं. विभागप्रमुखांनी लेबल वाचलं.

"समितीला काय मोरी दाखवायची? सातपुडा लिहा."

लिहिला. समितीने मान डोलावली आणि जेवायला गेली. शेवभाजी उत्तम होती, शेरा त्याहून उत्तम मिळाला.

नव्वदच्या दशकात जवळच्या खेड्यातली माझीच एक विद्यार्थिनी सातपुड्यातल्या दुर्मिळ वनस्पतींवर संशोधन करू लागली. ते रोप दुसऱ्या कुठल्याच संग्रहात नव्हतं, म्हणून सगळा प्रबंध त्याच्यावर उभा. पावसाळा आला की ती वडिलांना घेऊन बसने यावलला जाई, तिथून डोंगरात, आणि रिकाम्या हाताने परत येई. एकदा तिचे वडीलच माझ्याकडे आले.

"सर, पोर डोंगर चढी चढी थकनी. ते झाड शे ना तठे?"

माझ्या खिडकीतून न्हाणीघर दिसत होतं.

"आहे ना, नाना. भाद्रपदात जा म्हणावं."

भाद्रपदातही गेली. शेवटी तिने लिहिलं, 'सातपुड्यातून नामशेष.' कारण काय, तर शेळ्यांची चराई. सुरुवातीच्या पानावर माझे आभार. त्याच सुमारास कॉलेजने न्हाणीघर पाडून स्कूटर लावायला तिथे काँक्रीट ओतलं. ते रोप मला पुन्हा कुठे दिसलं नाही.

निवृत्तीनंतर मी जळगावला असतो; परवा तिथून मुद्दाम धुळ्याला गेलो. आता विभागप्रमुख तीच आहे. सगळं सांगितलं आणि लेबल खोडायला पेन काढलं.

"खोडायचं नाही, सर. तुम्हीच शिकवलंत. जुनं लेबल तसंच राहू द्यायचं, शेजारी दुरुस्तीची चिठ्ठी लावायची."

मी चिठ्ठी लिहिली, सही केली. तिने डिंकाची बाटली पुढे सरकवली.

"आणि माझ्या प्रबंधाला कुठे चिकटवू, तेही सांगा."

तिच्या प्रबंधाची चिठ्ठी म्हणून हे लिहिलं आहे. रोप धुळ्याचं होतं. शेळ्या निर्दोष होत्या.