शेपटीकडे उडणारं घुबड

"पाणी ओत, पाणी! कोरडं घासलंस तर घुबडाचे डोळे जातील!" आत्या शिडीवरून ओरडली आणि मी बादली घेऊन धावले.

माझी आत्या चौतीस वर्षं बाँबर विमानांच्या एकाच स्क्वाड्रनमध्ये रंगारी होती. स्क्वाड्रन तिच्याहूनही वयानं मोठी. पंख्याच्या विमानांपासून जेटपर्यंत आलेली, दोन युद्धं पाहिलेली. गेल्या वर्षी ती बंद झाली. तिची शेवटची दोन विमानं धावपट्टीच्या टोकाला उभी होती. दोन्ही करडी, दोन्हींच्या नंबरपट्ट्या भंगारवाल्यानं आधीच उपटलेल्या. एक संग्रहालयात जाणार, दुसरं कापलं जाणार. ट्रेलर आज दुपारी बाराला येणार होता. त्या दोनांपैकी एक म्हणजे 'म्हातारी', स्क्वाड्रनमध्ये सगळ्यात जास्त उडालेलं विमान; संग्रहालयाला तीच हवी होती. कोणतं, ते मात्र आता कुणालाच सांगता येत नव्हतं.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात आत्यानं म्हातारीवर स्क्वाड्रनच्या प्रत्येक विमानावर असायचं ते चिन्ह, उडतं घुबड, दोन्ही अंगांना रंगवलं होतं. डावीकडचं झकास जमलं. उजवीकडे घुबडाचा आकार कापलेला छापाचा पत्रा पालथा धरायचा असतो, म्हणजे चोच विमानाच्या नाकाकडे येते. आत्या विसरली, आणि घुबड शेपटीकडे उडालं. मुख्य रंगाऱ्यानं तिला फैलावर घेतलं. पण ते पुसण्याआधीच विमान मोहिमेवर गेलं. परत आलं ते अर्धी शेपटी गमावून, आतली माणसं मात्र धडधाकट. वैमानिकानं उतरल्या उतरल्या बजावलं, "त्याला हात लावायचा नाही. मागे तेच लक्ष ठेवून होतं." घुबड बारा वर्षं तसंच राहिलं. मग नव्या साहेबांनी त्यावर रंग फासायला लावला.

पहिल्या विमानाच्या उजव्या अंगावर आम्ही पॉलिश पेपर चालवला. करडा गेला, हिरवा आला. "हा जंगलातल्या तळाचा," आत्या म्हणाली. हिरव्याखाली मातकट पिवळा. "हा वाळवंटातला. ब्रशला वाळू चिकटायची मेली!" मग एक पंख दिसला, मग चोच.

चोच नाकाकडे होती.

"सापडलं की घुबड!" विमान न्यायला आलेले संग्रहालयाचे साहेब खूश झाले. "हेच नेऊ या."

"हे शहाणं घुबड आहे, साहेब. माझं नाही."

"अहो बाई, अकरा वाजून गेलेत."

"मग कोट काढा आणि पेपर घ्या हातात."

साहेबांनी खरंच कोट काढला. दुसऱ्या विमानाला आम्ही तिघं भिडलो. करडा, हिरवा, पिवळा. माझी बोटं सोलली होती, लांबून ट्रेलरचा भोंगा ऐकू येत होता आणि आत्याच्या कोपरांवरून रंगाचं पाणी ओघळत होतं. एक गोल डोळा उघडला. आत्या ओल्या बोटानं डोळ्याच्या कडेनं पुसत गेली, शेपटीच्या दिशेनं, आणि चोच तिथेच होती.

"आहे! आहे गं माझं येडं!" सत्तरीची आत्या शिडीवर उड्या मारू लागली, मी शिडी गच्च धरली.

रंगानं माखलेल्या साहेबांनी विचारलं, "संग्रहालयात ठेवताना ते सरळ करून घ्यायचं का?"

"करून तर बघा!"

ट्रेलरवर विमान शेपटीकडून चढवावं लागलं. साखळ्या ताणल्या, चाकं हलली, आणि म्हातारी उलटी सरकू लागली. आत्या एकदम माझा हात हलवत सुटली. "बघ, बघ! आज घुबड बरोबर दिशेनं चाललंय!"