बाईंचा ९८.४

१७ नोव्हेंबर १९७५, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. दौंडच्या विश्रामगृहाच्या व्हरांड्यात नाव सांगण्यासाठी मी तोंड उघडले आणि बाईंनी त्यात थर्मामीटर ठेवला. "नाव नंतर. आधी ओठ मीट." विहिरींचे पाणी तपासणाऱ्या पथकात रसायनशास्त्राची पदवीधर म्हणून मी रुजू झाले, ती अशी मुक्यानेच.

बाई पथकाच्या प्रमुख. शिरूरच्या मिशनच्या आवारात वाढलेल्या, पन्नाशीच्या, सुती साडीखाली कॅनव्हासचे बूट घालणाऱ्या. पाठीमागे सगळे त्यांना थर्मामीटरबाई म्हणत. जीप निघण्यापूर्वी त्या प्रत्येकाचा ताप पाहत, आकडा मोठ्याने सांगत आणि मी तो दौऱ्याच्या तक्त्यात लिहून घेई. पहिला मान ड्रायव्हर गायकवाडांचा. रात्री त्यांना जीपमध्ये झोपण्याची मनाई होती. खोलीत खाट मिळाली की नाही, हे बाई स्वतः जाऊन पाहत. ज्याला ताप तो विश्रामगृहात थांबे आणि त्याच्याबरोबर सारा दौराही थांबे. एकदा गायकवाडांचा पारा एकशे एकवर गेला, तेव्हा पुण्याच्या कार्यालयातले साहेब फोनवर बरेच तापले. बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, पाणी उद्याही विहिरीतच असेल."

या हट्टाचे मूळ मला गायकवाडांकडून कळले. पाटसच्या रस्त्यावर उसाच्या बैलगाड्यांमागून जीप रांगत होती. मी घड्याळ पाहिले, तसे ते म्हणाले, "ताई, हितं घाई न्हाई करायची. मागल्या हंगामात बाई तापानं घरी व्हत्या. बदली साहेब म्हणले, काम उरकून रातीतच पुणं गाठू. दोन रात्री डोळा न्हवता माझ्या. म्होरं उसाची गाडी, मागं कंदील न्हाई. आमचा शिपाई जागीच गेला." मग, माझ्याकडे न पाहता, ते म्हणाले, "तवापासनं बाईंना कवा ताप आलाच न्हाई बघा."

त्या वाक्याचा अर्थ मला हळूहळू कळला. बाई स्वतःचा ताप सर्वांत शेवटी पाहत, पाठ वळवून, पारा झटकत आणि सांगत, "माझा ९८.४, लिही." मानवी शरीर रोज एकच तापमान दाखवत नाही. हा आकडा मोजलेला नव्हता, ठरवलेला होता. मी तसे बोलून दाखवले. त्या हसून म्हणाल्या, "माझा पारा सरकारी नोकरीत मुरलाय गं. जागचा हलत नाही." मग हसू आवरून म्हणाल्या, "मी आडवी झाले की तुमच्या डोक्यावर कोण येईल, ते तुला ठाऊक नाही. गायकवाडांना ठाऊक आहे."

त्यांची दुसरी सवय मला त्याहून अस्वस्थ करी. पथकाला उकळलेल्याच पाण्याची सक्ती होती. स्टोव्ह आणि पिंप जीपमध्येच असत. पण गावाच्या कडेच्या वस्तीत कुणी पेला पुढे केला, की बाई आम्हाला मागे सारत आणि स्वतः तो रिकामा करत. "तुम्ही पिऊ नका. एकीने प्यायले तरी घराचा मान राहतो. आपल्या हातचे पाणी नाकारणारी माणसे या लोकांनी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांत आपली भर नको." त्याच विहिरीचा नमुना माझ्या पेटीत असे. मी एकदा कळवळून म्हटले, "बाई, निदान अहवाल येईपर्यंत थांबा." त्यांनी पेला तोंडाला लावता लावता उत्तर दिले, "तोवर ही माउली हात पुढे करून उभी राहील का?"

फेब्रुवारीत आम्ही शिरूरला होतो. चार दिवस बाईंनी जेवणाचे ताट परत पाठवले होते आणि चार दिवस त्यांचा आकडा ९८.४ होता. पाचव्या सकाळी त्या जीपच्या दाराशी आल्या आणि दाराला धरूनच उभ्या राहिल्या. गायकवाडांनी चावी खिशात घातली.

"आज तुमचं बघू द्या, बाई."

"गायकवाड, उशीर होतोय."

"होऊ द्या. ताप घेऊन गाडीत बसायचं न्हाई, हे तुम्हीच शिकवलंय. बसा त्या पायरीवर. ताई, तुम्ही बघा."

बाई एखाद्या आज्ञाधारक मुलीसारख्या बसल्या. मी थर्मामीटर ठेवला, काढला आणि पारा झटकण्यापूर्वी वाचला.

त्या दिवशी दौऱ्याऐवजी आम्ही पुण्याच्या इस्पितळाकडे निघालो. मागच्या बाकावर त्यांचे डोके माझ्या मांडीवर होते. कोरेगाव भीमा मागे पडले, तसा गायकवाडांनी वेग वाढवला. बाईंनी डोळे न उघडता बजावले, "सावकाश. कुणाच्या जिवासाठी घाई आहे, ते रस्त्याला कळत नाही." गायकवाडांनी वेग कमी केला.

विषमज्वराने आतडे फाटले होते. आठवड्याच्या आत बाई गेल्या. कोणत्या घरच्या पेल्यातून तो आला, हे सिद्ध करता येणार नाही आणि मी तसा प्रयत्नही केला नाही. पुढच्या दौऱ्यावर नवे साहेब आले. थर्मामीटर मी माझ्या पेटीत ठेवला आणि निघण्यापूर्वी पहिल्यांदा गायकवाडांसमोर धरला. नव्या साहेबांनी विचारले, "हे काय?" मी म्हटले, "पद्धत आहे."

जुन्या तक्त्यात बाईंच्या नावापुढे ओळीने ९८.४ लिहिलेले आहे. फक्त शेवटचा आकडा मी स्वतः वाचून लिहिला: १०४.२.